गडद गाडीचं तेज आणि ब्राझीलच्या ताडाचं मेण

नवरात्रात म्हैसूरचा राजवाडा जवळजवळ लाखभर दिव्यांनी उजळतो. आसपासच्या रस्त्यांवर आणि चौकांतही दिव्यांच्या माळा चढतात. त्या उजेडात उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटकडे जरा निरखून पाहावं. प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब त्यात उतरलेलं असतं, आणि त्या प्रतिबिंबाभोवती केसाहून बारीक रेघांची कडी दिसतात. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर मात्र ही कडी दिसत नाहीत. गडद गाडीच्या मालकाला वाटतं, रंग गेला, आता पॉलिश मारल्याशिवाय गत्यंतर नाही. दुकानदार कार्नोबा मेणाचा डबा पुढे करतो, डब्यावर आरशासारख्या गाडीचं चित्र असतं, आणि डबा घरी येतो.

हे मेण खरोखर काय करतं आणि काय करत नाही, हे समजून घेऊन ते वापरलं तर गडद गाडी फार सुंदर दिसते. न समजता वापरलं तर चुकीच्या श्रद्धेपलीकडे हाती काही लागत नाही. त्यातही म्हैसूरचं ऊन, तिथली लाल माती, झाडांखालचे रस्ते आणि आयुधपूजेला गाड्यांची होणारी पूजा, या सगळ्यांचा या मेणाशी थेट संबंध येतो.

रेघा गडद रंगावरच का दिसतात?

आजच्या गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी साधारण 4 टक्के प्रकाश या थराच्या पृष्ठभागावरून आरशासारखा परत फिरतो आणि उरलेला आत जातो. खाली पांढरा रंग असेल तर आत गेलेला बहुतेक प्रकाश चहूदिशांना विखरून पुन्हा बाहेर येतो. त्या लख्ख उजेडात ओरखड्यावरून उसळलेला किंचितसा प्रकाश हरवून जातो. खाली काळा रंग असेल तर आत गेलेला प्रकाश तिथेच शोषला जातो. मग डोळ्यांपर्यंत दोनच गोष्टी पोचतात: ते 4 टक्क्यांचं स्वच्छ प्रतिबिंब आणि ओरखड्यांनी वाटेल तिकडे उधळलेला प्रकाश. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ओरखडे उठून दिसतात ते यामुळे. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त दिसत नाहीत.

आता कडी गोल का दिसतात? गोल गोल पुसल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवू शकतील असे ओरखडे ठरावीक कोनातलेच असतात, आणि ते प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार मांडणीत येतात. म्हणून आपण एक पाऊल बाजूला सरकलो की ती कडीही सरकतात. सरळ रेषेत पण वेगवेगळ्या दिशांनी पुसलेल्या गाडीवरही अशीच कडी उमटतात.

हे ओरखडे येतात कुठून, याचं उत्तर रोज सकाळी गल्लोगल्ली पाहायला मिळतं. गाडीवर रात्रभर धूळ बसते आणि सकाळी कुणीतरी कोरड्या फडक्याने ती झटकून पुसून काढतं. म्हैसूर परिसरातली माती लाल, आणि तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 वर बसतं, म्हणजे ते काचेवरही ओरखडा काढू शकतं. त्यापुढे क्लिअर कोट म्हणजे मऊ प्लास्टिक. कोरडं फडकं फिरतं तेव्हा हे कण त्याच्याखाली रगडले जातात आणि दररोज शेकडो नव्या रेघा काढतात. फडकं कितीही मऊ असलं तरी ओरखडा काढणारा कण मऊ नसतो.

किती पातळ असतं हे सगळं

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर बसतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एखाद-दुसऱ्या कागदाइतकी. त्यात क्लिअर कोटचा वाटा 40 ते 50 मायक्रॉनचा. अतिनील किरणांपासून रंगाचं रक्षण करणारी रसायनं याच थरात मिसळलेली असतात. ओरखडे घालवण्यासाठी रबिंग कंपाउंड लावून मशीन फिरवतात, तेव्हा या थराचे काही मायक्रॉन कायमचे निघून जातात. ओरखडा ज्या पृष्ठभागात आहे तो पृष्ठभागच घासून खाली आणायचा, हेच त्या कामाचं तत्त्व. म्हणून क्लिअर कोट हे मोजून वापरायचं भांडवल आहे. दर दसऱ्याला पॉलिशिंग करत राहणं शहाणपणाचं नाही.

जुन्या अॅम्बॅसिडर किंवा कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना वेगळा अनुभव असायचा. त्या गाड्यांना वेगळा पारदर्शक थर नसे, रंगद्रव्य अगदी वरच्या थरातच असे. उन्हाने वरचा भाग निस्तेज झाला की पॉलिश घासायचं. फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. ‘पॉलिश मारलं की गाडी नवी होते’ ही समजूत त्या काळात बरीचशी खरी होती. क्लिअर कोट आल्यावर ती मोडायला हवी होती, पण सवयी थरांपेक्षा जास्त टिकतात.

मेणाचं काम याच्या बरोबर उलट आहे. पॉलिश पृष्ठभागावरून काहीतरी काढतं, मेण त्यावर काहीतरी ठेवतं. हा भेद लक्षात राहिला तर निम्मी फसवणूक टळते. दुकानातल्या बऱ्याच डब्यांमध्ये घासणारे कण आणि मेण दोन्ही एकत्र असतात, म्हणून घेण्याआधी डब्यावरचा मजकूर वाचायलाच हवा.

पानावरचं मेण

कार्नोबा हा ब्राझीलच्या ईशान्य भागातला ताड. सेआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते ही त्याची मुख्य राज्यं. तिथे अनेक महिने पाऊस नसतो. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपल्या पंख्यासारख्या पानांवर मेणाचा लेप चढवतं. कोरड्या दिवसांत पानं तोडतात, उन्हात वाळवतात आणि झोडपून त्यांच्यावरची भुकटी गोळा करतात. ती वितळवून, गाळून मेणाच्या ढेपा तयार होतात. एका पानातून जेमतेम काही ग्रॅम मेण मिळतं. न उमललेल्या कोवळ्या पानांचं मेण फिकट पिवळं आणि सगळ्यात महाग, तर जुन्या पानांचं तपकिरी. व्यापारी प्रमाणात हे मेण आजही फक्त ब्राझीलमध्येच निघतं.

या ताडाची झाडं जगाची गरज भागवण्याइतकी आहेत का, हे पाहण्यासाठी 1935 साली अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन स्वतः विमानाने ब्राझीलला गेले होते. पाण्यावरही उतरू शकणाऱ्या त्या सिकोर्स्की विमानाचं नावच त्यांनी ‘कार्नोबा’ ठेवलं होतं. 1998 मध्ये त्यांच्या मुलाने तशाच विमानाची प्रतिकृती बनवून तोच प्रवास पुन्हा केला. या मेणाच्या कथेची दुसरी बाजू मात्र कष्टाची आहे. पानं तोडणाऱ्या मजुरांना वेठबिगारीसारख्या अवस्थेत राबवलं जात असल्याची प्रकरणं ब्राझीलच्या सरकारी तपासणीत उघडकीस आली, आणि 2017 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने ती जगासमोर मांडली. बोटभर मेण हातात घेताना त्यामागे कुणाचे तरी उन्हातले हात आहेत, हे विसरू नये.

कार्नोबा 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांनाच पातळ होतं. वनस्पतींपासून मिळणाऱ्या मेणांमध्ये कार्नोबाइतकं कठीण मेण क्वचितच सापडेल. बुटांच्या पॉलिशमध्ये, औषधाच्या गुळगुळीत गोळ्यांवर, रंगीत कवचाच्या चॉकलेटांवर तेच असतं. आपल्याकडे ताज्या फळांवर लावायला ज्या मोजक्या मेणांना परवानगी आहे, त्यांत मधमाशीचं मेण आणि लाखेच्या मेणाबरोबर कार्नोबाही येतं.

पातळ लेपांची म्हैसूरला असलेली ओळख

पातळ थर चढवून वस्तू टिकवायची आणि खुलवायची, ही विद्या म्हैसूरला नवी नाही. 1937 साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत इथे म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स हा कारखाना सुरू झाला. रानातली लाख वापरून रंग आणि व्हार्निश बनवणं हा त्याचा मूळ हेतू. आता म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच कारखान्याची शाई 1962 च्या निवडणुकीपासून देशभरातल्या मतदारांच्या बोटांवर लागते आहे.

चेलुवांबा वाड्यात 1950 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत फळांसाठी मेणाच्या पाणीदार लेपांवर काम झालं. संत्र्या-आंब्यातलं पाणी उडून जाऊ नये, फळ जास्त दिवस टवटवीत राहावं, हा त्यामागचा उद्देश. ब्राझीलचा ताड आपल्या पानासाठी जे करतो तेच इथे फळासाठी केलं गेलं.

आणि म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरचं चन्नपट्टण. तिथले कारागीर काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर फिरवतात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ पसरते. मग केवड्याच्या जातीचं वाळलेलं पान त्यावर दाबून धरलं की खेळणं चकाकू लागतं. ते पान वेगळी चमक लावत नाही. मऊ झालेली लाख एकसारखी, गुळगुळीत पसरवणं एवढंच त्याचं काम. चमक म्हणजे पृष्ठभागाचा सपाटपणा, हे चन्नपट्टणच्या कारागिराला हाताने कळलेलं असतं. गाडीच्या मालकाने नेमकं हेच शिकायचं आहे.

डब्यातलं मेण काय करतं?

शुद्ध कार्नोबा इतकं टणक असतं की ते नुसतं गाडीवर पसरवताच येणार नाही. म्हणून डब्यात त्याच्याबरोबर मऊ मेणं, तेलं आणि उडून जाणारे द्रावक मिसळलेले असतात. ‘शंभर टक्के कार्नोबा’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ फार तर इतकाच, की त्यात दुसऱ्या जातीचं मेण नाही. अख्खा डबा कार्नोबाने भरलेला असूच शकत नाही.

लावलेल्या मेणातले द्रावक उडून गेले आणि जास्तीचं मेण पुसून काढलं की जो थर मागे राहतो तो एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तरीही गडद रंग लगेच खोल आणि ओलसर दिसू लागतो. त्याचं कारण चामुंडी टेकडीवरच्या नंदीकडे पाहून समजतं. सतराव्या शतकात एकाच शिळेत घडवलेला हा नंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने काळाभोर दिसतो. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून कोरडा दगड फिकट वाटतो. तेलाने त्या खाचा भरल्या की विखुरणं थांबतं आणि दगडाचा मूळ गडदपणा डोळ्यांना दिसतो. गाडीवरही तेच घडतं. मेण आणि तेल ओरखड्यांच्या खाचांत बसतात. प्रकाश मेणात जितका वळतो जवळजवळ तितकाच तो क्लिअर कोटमध्ये वळतो, त्यामुळे भरलेली खाच त्याला फारशी जाणवत नाही. ओरखडा तिथेच असतो, फक्त झाकलेला. धुण्यांबरोबर मेण निघत गेलं की कडी परत दिसू लागतात.

दुसरं काम पाण्याचं. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात. उतारावरचे थेंब घरंगळून जाताना थोडी धूळही बरोबर नेतात. तिसरं काम वेळ मिळवून देण्याचं. पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, किड्यांचे अवशेष आधी मेणाला भिडतात. म्हैसूरच्या झाडाखालच्या रस्त्यांवर, त्यातही कुक्करहळ्ळी किंवा कारंजी तलावाच्या आसपास गाडी लावणाऱ्याला या कामाचं मोल चांगलं कळेल. पण हे संरक्षण काही तासांचं असतं, आठवड्यांचं नाही. वाळलेली विष्ठा ओल्या कपड्याखाली भिजू द्यावी आणि मग हलकेच उचलावी. उन्हात तशीच राहिली तर तिच्या आम्लाने क्लिअर कोटवर डाग कोरला जातो, आणि मग मेण त्याला काही करू शकत नाही.

करून पाहायचं कसं

कुठलंही मेण पारखायचं तर अख्ख्या गाडीला लावू नये. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची एक पट्टी लावावी, एका बाजूला मेण लावावं आणि दुसरी बाजू तशीच सोडावी. आमच्या गडद निळ्या गाडीवर मी हेच केलं.

आधी सावलीत, पत्रा थंड असताना गाडी धुतली. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. गाडी धुवायचा मऊ हातमोजा, म्हणजे मिट, साध्या पाण्यात खळबळून घेतल्याशिवाय शॅम्पूच्या बादलीत बुडवायचा नाही. गाडी वाळल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून बारीक वाळूसारखा खरखरीत लागला. रंगात रुतलेले हे कण शॅम्पूने निघत नाहीत. त्यांच्यासाठी क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी, असतो, आणि तोही भरपूर ओलाव्याबरोबर फिरवायचा. त्यानंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या. आधीच्या पॉलिशची तेलं निघून गेल्याशिवाय बॉनेटची खरी अवस्था कळत नाही.

फोमच्या तुकड्यावर मेण अगदी थोडं घेतलं. जाड थराने चमक वाढत नाही, पुसायचे कष्ट मात्र वाढतात. काही मिनिटांत त्यावर फिकट धुकं धरतं. बोट ओढून पाहावं: रेघ स्वच्छ निघाली तर पुसायची वेळ झाली, चिकट ओढली गेली तर थांबावं. पावसाळी दमट हवेत हे धुकं धरायला वेळ लागतो, डिसेंबर-जानेवारीत ते पटकन धरतं. धुतलेल्या मायक्रोफायबर कापडाने न दाबता पुसलं, घडी उलटली, पुन्हा पुसलं. काळ्या प्लास्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग राहून जातात.

टेप काढली तेव्हा दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंत फार थोडा फरक होता. मेण लावायच्या आधी पत्रा नीट साफ केला की निम्म्याहून जास्त चमक तिथेच मिळालेली असते. हाताला मात्र फरक लगेच कळला, मेणाच्या बाजूवरून कापड आपोआप घसरत होतं. रात्री एकाच बल्बखाली पाहिलं तेव्हा मेणाच्या बाजूची कडी निम्मी विरल्यासारखी दिसत होती. पाणी शिंपडलं तर एका बाजूला सपाट चादर, दुसरीकडे ताठ थेंब. पुढे प्रत्येक धुण्यानंतर हे थेंब जरा जरा बसके होत गेले. आणखी काही आठवडे गेले आणि कुठल्या बाजूला मेण होतं, हे पाण्याने सांगणं बंद केलं. कार्नोबाचं आयुष्य साधारण सहा ते आठ आठवड्यांचं सांगतात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याहून कमी. हा अनुभव त्याच्याशी जुळणारा आहे.

ऊन, पाणी आणि थेंबांचा गैरसमज

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे, म्हणून हवा सुखद. पण भर उन्हात गडद पत्र्याचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं आणि साठ-सत्तर अंशांना पोचतं. नुसतं कार्नोबा त्याला टिकेल, पण मिश्रणातली मऊ मेणं आणि तेलं त्या तापाला ढिली पडतात. त्यामुळे मार्च ते मे हा कार्नोबाचा पडता काळ. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस त्याच्यासाठी उत्तम.

पाण्याचे थेंब भिंगासारखे सूर्यप्रकाश एकवटून रंग जाळतात, असं अनेक जण सांगतात. पत्र्यावर बसलेल्या थेंबातून जाणारा प्रकाश एकवटतो तो पृष्ठभागाच्या खाली, पत्र्यावर नाही. डाग पडतात ते पाण्यातल्या क्षारांचे. बोअरवेलच्या जड पाण्याचा थेंब वाळला की कॅल्शियमचं पांढरं कडं मागे ठेवतो आणि गडद रंगावर ते लांबूनही दिसतं. मेणामुळे थेंब टपोरे होतात, म्हणजे सपाट टपावर अशी कडी उलट अधिक ठळक पडू शकतात. म्हणून धुतल्यावर गाडी मऊ कापडाने टिपून घेणं मेण लावलेल्या गाडीलाही चुकत नाही.

ज्याला वर्ष-दोन वर्षं पाहायचंच नाही, त्याने सिरॅमिक कोटिंगचा विचार करावा. सिलिकावर आधारलेला तो थर क्लिअर कोटला घट्ट धरून राहतो. पण तो चढवण्याआधी ओरखडे काढावेच लागतात, नाहीतर तेही त्याच्याखाली तसेच राहतात. कार्नोबाचं बलस्थान वेगळं. ते घरच्या घरी लावता येतं, चुकलं तर पुसता येतं, आणि गडद रंगाला जो मऊ, खोल गडदपणा देतं तो अनेकांना इतर कशातही सापडत नाही.

खंडेनवमीच्या आधी

खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेच्या दिवशी, म्हैसूरच्या राजवाड्यात शस्त्रं, हत्ती, घोडे आणि राजघराण्याची वाहनं यांची पूजा होते. त्याच दिवशी शहरातली प्रत्येक रिक्षा, बस आणि गाडी सजते. समोर केळीचे खुंट बांधतात, बॉनेटवर हळद-कुंकू आणि गंध लावतात, झेंडू-शेवंतीच्या माळा चढवतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि कुंकू घातलेला कोहळा फोडतात. या प्रत्येक गोष्टीचा रंगाशी संबंध येतो. केळीचा चीक वाळला की तपकिरी डाग पडतो, हळद सहज निघत नाही, लिंबाचं आणि कोहळ्याचं पाणी उडतं, माळेची तार वाऱ्याने पत्र्यावर घासते.

म्हणून मेण लावायचं असेल तर ते पूजेच्या आठवडाभर आधी. दोन पातळ थर, दोन वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे पहिल्या थरात सुटलेली जागा दुसऱ्यात भरून निघते. माळेला तारेऐवजी सुती दोरा वापरावा. हळद-कुंकवाचा टिळा नंबरप्लेटवर किंवा काचेवर लावला तरी श्रद्धेत काही उणं येत नाही. आणि दशमीच्या संध्याकाळी गाडी कोरड्या फडक्याने न झटकता आधी भरपूर पाण्याने भिजवावी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. गडद गाडीचं तेज तिच्या पृष्ठभागाच्या सपाटपणात आहे, आणि तो सपाटपणा रोजच्या कोरड्या पुसण्याने जातो. कार्नोबा गेलेला सपाटपणा परत आणत नाही, असलेला मात्र काही आठवडे खुलवतं आणि जपायला मदत करतं. धूळ भिजवल्याशिवाय गाडीला कापड लावायचं नाही, एवढी शिस्त घरच्यांना आणि गाडी पुसणाऱ्याला समजावून सांगितली, तर डब्यातलं बोटभर मेणही पुष्कळ होतं.